सोलापुरातून ट्राउटकडे: फ्लाय फिशिंगचे पहिले साहित्य आणि घरी फ्लाय बांधण्याची सुरुवात

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. पाण्याचे तापमान २० अंशांच्या वर रेंगाळू लागले की तो सुस्त होतो आणि खाणे सोडतो. त्यामुळे मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या सोलापुरात, मग तो हिप्परग्याचा तलाव असो की उजनीचा फुगवटा, तो सापडण्याचा प्रश्नच नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्रजांनी ब्रिटनमधून ट्राउटची अंडी आणून काश्मीरच्या नद्यांमध्ये वाढवली, पुढे तो हिमाचलात पोहोचला, आणि आजही त्याच्यासाठी आपल्याला तिकडेच जावे लागते.

तरीही हा लेख सोलापूरकरांसाठी लिहितो आहे, कारण या छंदातले बहुतेक शिक्षण नदीवर पोहोचण्याआधीच पुरे करायचे असते. लाइन फेकणे मैदानावर शिकता येते, फ्लाय घरच्या टेबलावर बांधता येते, आणि फ्लाय बांधणे हे मुळात सुताचे काम आहे. पूर्व भागात ज्यांचे बालपण मागाच्या खडखडाटात गेले, त्यांना धाग्याचा ताण म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. माझेही तिथेच गेले, आणि या छंदात मला जे काही थोडेफार जमले ते त्याच्याच जोरावर जमले.

आधी मूळ तत्त्व समजून घ्यावे, म्हणजे साहित्य निवडताना दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. नेहमीच्या गळात शिशाचे वजन पुढे जाते आणि त्याच्यामागे दोरी ओढली जाते. फ्लाय म्हणजे गळावर पिसे, लोकर आणि धागा गुंडाळून केलेला कीटकाचा आभास. तिला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून ती फेकता येत नाही. इथे वजन लाइनलाच दिलेले असते. आपण लाइन फेकतो आणि फ्लाय तिच्यामागे मुकाट जाते. रॉड, रील, गाठी हे सगळे या एका उलट्या व्यवस्थेतून येते.

साहित्य: काय घ्यावे आणि पैसे कुठे वाचवावेत

ट्राउटसाठी पहिला रॉड ९ फूट लांबीचा आणि ५ वजनाचा घ्यावा. हे ५ म्हणजे रॉडचे वजन नव्हे, तर तो ज्या लाइनसाठी बनवला आहे तिचा क्रमांक असतो. ठरलेल्या मोजमापानुसार ५ क्रमांकाच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरते. रॉड ५ चा आणि लाइन ७ ची अशी जोडी लावली तर दोष हाताचा आहे की साहित्याचा हे नवशिक्याला कधीच कळत नाही. रॉड चार तुकड्यांचा असावा; तो सुमारे अडीच फुटांच्या नळीत बसतो आणि रेल्वेच्या बर्थखाली सरकवता येतो. फार ताठ रॉडच्या मोहात पडू नये. मध्यम लवचीक रॉड वाकताना हाताला जाणवतो, आणि शिकताना ती जाणीवच कामाला येते.

पैसे कमी असतील तर ते रीलमध्ये वाचवावेत, लाइनमध्ये नव्हे. आपल्याकडच्या ओढ्यांतल्या ट्राउटसाठी रील म्हणजे बव्हंशी लाइन गुंडाळून ठेवण्याचे चाक असते. लाइन मात्र चांगलीच घ्यावी. तरंगणारी आणि पुढच्या भागात वजन असलेली ‘डब्ल्यूएफ५एफ’ असे लिहिलेली मागावी. या लाइनच्या वेष्टनाचा एक स्वभाव आहे, जो मला उशिरा कळला. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन सोलापूरच्या उन्हात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटू लागते, तर उष्ण प्रदेशासाठी बनवलेली लाइन हिमाचलच्या पाण्यात तारेसारखी ताठ होऊन तिची वेटोळी सुटत नाहीत. खरेदी थंड पाण्याच्या लाइनचीच करावी आणि सराव पहाटे करावा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती विसरू नये, आणि प्रत्येक सरावानंतर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी.

रीलवर सर्वांत आत बॅकिंग, म्हणजे वीस पौंडी विणलेली दोरी, ५० ते १०० यार्ड, तिच्यावर लाइन, लाइनच्या पुढे ९ फुटांचा निमुळता लीडर, आणि लीडरच्या टोकाला टिपेट नावाचा बारीक तुकडा. टिपेटची जाडी ‘एक्स’मध्ये मोजतात. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजारांश भागातली जाडी मिळते, म्हणजे ५ एक्स टिपेट ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. सूतबाजारात काउंट वाढला की सूत बारीक होते, तसाच हा हिशेब आहे. गळाच्या क्रमांकाला तिनाने भागले की त्याला योग्य टिपेटचा अंदाज येतो. १४ क्रमांकाच्या गळाला ५ एक्स. गळाचेही आकडे उलटेच, १४ पेक्षा १८ लहान. ४ एक्स आणि ५ एक्सची एकेक गुंडाळी पहिल्या सहलीला पुरते.

याखेरीज टोपी, नखे कापण्याचे नेलकटर आणि चष्मा लागतो. चष्मा ऐच्छिक नाही. मागून पुढे वेगाने येणारा गळ डोळ्यापासून वीतभर अंतरावरून जातो.

गाठी चारच शिकाव्यात, पण डोळे मिटून बांधता येईपर्यंत. बॅकिंग रीलला बांधण्याची सरकफासाची गाठ आणि बॅकिंग लाइनला जोडण्याची गाठ एकदाच लागते, म्हणून त्या चित्र पाहून बांधल्या तरी चालतात. लीडर आणि लाइन यांची टोके आजकाल तयार फाशाची येतात. फासा फाशातून ओवून असा ओढावा की दोन्ही बाजू सारख्या बसतील, एकीने दुसरीचा गळा आवळू नये. टिपेट लीडरला जोडण्यासाठी दोन्ही टोके समांतर धरून त्यांची एकत्र साधी गाठ मारावी, त्याच वेढ्यातून ती पुन्हा एकदा ओवावी आणि मग चारही टोके ओढावीत. फ्लाय बांधण्यासाठी टिपेट नेढ्यातून ओवून स्वतःभोवतीच पाच पिळे द्यावेत, टोक नेढ्याजवळच्या छोट्या फाशातून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फाशातून काढावे, थुंकीने ओले करावे आणि हळू आवळावे. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. हातातून सुटलेल्या माशांपैकी बरेचसे या आळसापायी सुटतात.

मैदानावरचा सराव

होम मैदानावर पहाटे सहाला वारा पडलेला असतो आणि क्रिकेटची पोरे अजून आलेली नसतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे तिथे जागा मिळत नाही, तेव्हा दुसरे गवताळ मैदान शोधावे. सिमेंटवर किंवा मुरमावर मात्र सराव करू नये, लाइनचे वेष्टन खरवडते. लीडरच्या टोकाला गळ न बांधता लाल लोकरीचा छोटा गोंडा बांधावा.

सुमारे २५ फूट लाइन समोर सरळ पसरावी. रॉडचे टोक जमिनीजवळ ठेवून उचलायला सुरुवात करावी, वेग वाढवत न्यावा आणि रॉड कानाच्या किंचित मागे, घड्याळाच्या एकच्या काट्यावर, एकदम थांबवावा. हे थांबणे म्हणजेच सारी कला. थांबल्याने वाकलेला रॉड सरळ होतो आणि लाइन मागे फासासारखी उलगडते. ती पूर्ण उलगडेपर्यंत वाट पाहावी; सुरुवातीला मान वळवून पाहायला हरकत नाही. मग तसाच वेग वाढवत पुढे आणावे आणि दहाच्या काट्यावर पुन्हा थांबवावे. मागची लाइन उलगडण्याआधी हात पुढे आला तर चाबकासारखा फटका ऐकू येतो आणि नदीवर असता तर फ्लाय तुटून गेली असती. मनगट सैल सोडले की रॉड मागे जमिनीपर्यंत जातो. त्यावर उपाय म्हणून रॉडची मूठ सदऱ्याच्या बाहीत खोचून सराव करावा, मनगट आपोआप आवरते.

रोज वीस मिनिटे पुरेत. तासभर केल्यास खांदा दुखतो आणि चुकाच पक्क्या होतात. ३० फुटांवर ठेवलेल्या परातीत दहापैकी सहा वेळा गोंडा पडू लागला की सराव झाला असे समजावे. हिमाचलच्या ओढ्यांत त्याहून लांब फेकण्याची वेळ क्वचितच येते. ज्यांना खरा मासा लागल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी चिलापीवर हात साफ करावा. काठाजवळच्या उथळ पाण्यात ती लहान फ्लाय घेते. तलावांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, म्हणून तिथल्या मंडळींना विचारल्याशिवाय पाण्यात काही टाकू नये.

फ्लाय बांधण्याची हत्यारे आणि माल

हत्यारांत गळ पकडणारा छोटा व्हाइस, धाग्याची रिळे धरणारा नळीचा बॉबिन, बारीक टोकांची कात्री, पीस धरण्याचा चिमटा आणि एक दाभण एवढेच पुरते. शेवटची गाठ मारण्याचे हत्यारही मिळते, पण ती गाठ बोटांनी शिकलेली बरी. पूर्ण पेटीत येणाऱ्या स्वस्त संचांतला व्हाइस बहुधा गळ घट्ट धरत नाही आणि धागा ताणला की गळ खाली वळतो. म्हणून व्हाइस एकटा, चांगला घ्यावा आणि बाकीच्या वस्तू साध्या चालवून घ्याव्यात. डोक्यावर लावायच्या लाखेऐवजी नखांना लावायचे रंगहीन पॉलिश उत्तम चालते.

धाग्याबाबत एक घोटाळा आधीच मिटवतो. फ्लायच्या धाग्याच्या रिळांवर कधी ६/०, ८/० असे आकडे असतात, तर कधी डेनियर. पहिली पद्धत काउंटसारखी, आकडा मोठा तर धागा बारीक. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, म्हणून तिथे आकडा मोठा तर धागा जाड. लहान फ्लायसाठी ७० डेनियर घ्यावा. पहिल्या दिवशी एकही फ्लाय बांधू नये. रिकाम्या गळावर धागा गुंडाळून तो मुद्दाम दहा वेळा तोडावा. तुटण्याच्या अगदी आधीचा ताण बोटाला ओळखता येऊ लागला की निम्मे काम झाले, कारण सैल बांधलेली फ्लाय पहिल्याच माशाने उसवते. धाग्याला पीळ असतो हेही ध्यानात ठेवावे. बॉबिन लोंबता सोडून पिळाच्या उलट फिरवला की धागा चपटा होतो आणि कमी जागेत बसतो. पिळाच्या दिशेने फिरवला की गोल आणि उठावदार होतो.

बाकीचा माल शोधताना सोलापुरात राहण्याचा फायदा कळतो. जरीकामातून उरलेली बारीक जरतार फ्लायच्या अंगावरच्या चकाकत्या पट्ट्यांसाठी लागते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ३६ गेजची तांब्याची तार मागितली की ती सुमारे ०.१९ मिलिमीटर जाडीची मिळते. तुकड्यासाठी दुकानदार बहुधा पैसेही घेत नाही, फक्त ‘ही कशाला?’ असे विचारतो आणि उत्तर ऐकून हसतो. घोंगडीच्या लोकरीचा काळपट तपकिरी रंग मुद्दाम रंगवूनही साधत नाही. गावरान कोंबडीच्या मानेची ठिपक्यांची पिसे तर मऊ फ्लायसाठी आयात मालाइतकीच चांगली असतात. ती शाम्पूच्या कोमट पाण्यात धुवावीत, सावलीत वाळवावीत आणि डांबरगोळी घालून बंद डब्यात ठेवावीत, नाहीतर पिसांतली कीड सारा संग्रह खाऊन टाकते. तरंगत्या फ्लायला लागणारी ताठ पिसे मात्र खास जोपासलेल्या कोंबड्यांचीच लागतात, ती गावरानात मिळत नाहीत. म्हणून तरंगत्या फ्लाय पहिल्या वर्षी विकत घ्याव्यात असे माझे मत आहे.

जुन्या इंग्रजी कृतींमध्ये रानकोंबडा, तित्तिर, ससा यांची नावे सर्रास येतात. आपल्याकडच्या रानातल्या पशुपक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा कोणी रानातले पीस किंवा कातडे आणून देऊ केले तरी घेऊ नये. पाळीव कोंबडी, बदक, टर्की आणि मेंढी यांच्यावर सगळे भागते.

पहिली फ्लाय: रेशमी स्पायडर

उत्तर इंग्लंडच्या ओढ्यांवरून आलेली ही फ्लाय नावाने कोळी असली तरी पाण्यात वर चढणाऱ्या अर्धवट उमललेल्या कीटकाचा भास निर्माण करते. माल तीनच: धागा म्हणून नारिंगी रेशीम, जरीचा छोटा तुकडा आणि कोंबडीच्या मानेचे एक पीस.

१४ क्रमांकाचा गळ व्हाइसमध्ये असा धरावा की दांडा आडवा राहील. उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकावा. तो या वेळी मोडला तर गळच जातो, नंतर मोडला तर बांधलेली फ्लाय जाते. नेढ्यापासून २ मिलिमीटर जागा सोडून धागा लावावा. धाग्याचे टोक डाव्या हातात तिरपे धरून उजव्या हाताने पाच वेढे त्याच्यावरूनच मागे द्यावेत, म्हणजे धागा स्वतःच अडकतो, गाठ लागत नाही. उरलेले टोक कापावे. वेढे नेहमी आपल्याकडून, दांड्याच्या वरून, पलीकडे जातात.

आता एकाला एक लागून वेढे देत गळाच्या बाकाच्या सुरुवातीपर्यंत जावे. इथे जरीचा दोन बोटे लांब तुकडा बांधावा आणि धागा तसाच पुढे, सोडलेल्या जागेपर्यंत आणावा. दोन वेढ्यांमध्ये गळाचे लोखंड दिसता कामा नये आणि वेढ्यावर वेढाही चढता कामा नये. मागावरची पोत जशी भरलेली हवी तशीच ही भरलेली हवी. मग जरतार पाच वेढ्यांत, सारख्या अंतराने, पुढे आणून बांधावी. रेशीम ओले झाले की त्याचा रंग एकदम गडद होतो, म्हणून रंग निवडताना बोट ओले करून पाहावे.

पिसाच्या बुडाची लव काढून टाकावी. टोकाचे थोडे तंतू तसेच ठेवून बाकीचे मागे कुरवाळावेत, म्हणजे मध्ये बांधायला जागा होते. तंतूंची लांबी गळाच्या बाकापर्यंत पोहोचेल एवढीच असावी. पीस टोकाने, चकचकीत बाजू नेढ्याकडे ठेवून बांधावे, बूड चिमट्यात धरावे आणि प्रत्येक वेढ्याआधी तंतू मागे सारत दोनच वेढे द्यावेत. तिसरा द्यायची इच्छा होईल, ती आवरावी. विरळ पिसे पाण्यात हलतात, दाट पिसांचा नुसता ब्रश होतो. धाग्याने पीस बांधून उरलेला कणा कापावा, तीनचार वेढ्यांचे छोटे डोके करावे, धाग्याचा फासा करून स्वतःवरच पाच वेढे देऊन ओढून गाठ मारावी आणि दाभणाच्या टोकाने पॉलिशचा एक थेंब सोडावा.

सुरुवातीला सोडलेल्या त्या दोन मिलिमीटरांवर मी इतका भर का देतो, तर पहिल्या सहलीला मी चोवीस फ्लाय बांधून नेल्या होत्या आणि त्यातल्या एकोणीस फ्लायची डोकी नेढ्यावर चढलेली होती. पहाटेच्या गारठ्यात बधिर बोटांनी पॉलिशने बुजलेल्या नेढ्यात टिपेट ओवता ओवता पाऊण तास गेला आणि शेवटी शेजारच्या माणसाने दिलेल्या फ्लायवर दिवस काढावा लागला. तेव्हापासून पॉलिश ओले असतानाच प्रत्येक नेढ्यातून एक पिसाचा कणा ओढून काढतो.

दुसरी आणि तिसरी

दुसरी फ्लाय इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांच्या ‘किलर बग’ची सोलापुरी आवृत्ती आहे. त्यांनी धाग्याऐवजी तांब्याची तार वापरली आणि अंगाला रफू करण्याची एक विशिष्ट लोकर. ती बनणे बंद झाल्यावर लोक तिच्या जुन्या गुंड्या शोधत फिरले. आपण घोंगडीची लोकर घेऊ. १२ क्रमांकाच्या गळावर तारेचे दोन थर द्यावेत, मधोमध एक जादा थर द्यावा आणि तार बाकाजवळ लोंबती ठेवावी. घोंगडीचे सूत आहे तसे फार जाड पडते, म्हणून ते उकलून त्यातले चिमूटभर तंतू मेण लावलेल्या बोटांमध्ये वळावेत. हा वळलेला पेळू नेढ्यामागून बाकाकडे, परत पुढे आणि पुन्हा मागे असा गुंडाळावा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता. शेवटी तारेचे चार घट्ट वेढे देऊन तार वाकवून तोडावी. कुरूप दिसते, पण तळाशी सरपटणाऱ्या किड्यासारखी बुडते आणि ट्राउट बहुतांश वेळ तळाजवळच खातो.

तिसरी ‘वूली बगर’, ८ क्रमांकाच्या गळावर, काळी. दांड्याइतक्या लांबीची मऊ लव शेपटीला, शेनिलच्या, म्हणजे मखमली केसाळ धाग्याचे अंग आणि त्यावरून मळसूत्रासारखे फिरवलेले कोंबड्याच्या मानेचे पीस, जे तारेच्या उलट्या वेढ्यांनी पक्के करावे. सगळे मोठे असल्याने चुका दिसतात आणि दुरुस्त करता येतात. तिन्हींच्या प्रत्येकी बारा बांधाव्यात. बारावी बांधून झाली की पहिली ब्लेडने खरवडून तो गळ पुन्हा वापरावा.

नदीवर

सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने औट आणि पुढे बंजारमार्गे तीर्थनचे खोरे हा नवशिक्यांसाठी सोयीचा रस्ता आहे. बरोटची ऊहल आणि सांगल्याची बास्पा या नद्याही प्रसिद्ध आहेत. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या विणीसाठी बंदी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ होते, म्हणून मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरावा. मत्स्यविभागाचा परवाना आधी काढावा आणि किती मासे, केवढे, कोणत्या पट्ट्यात, हे त्यावर लिहिलेले वाचावे.

नदीवर पोहोचताच पाण्यात उतरू नये. दहा मिनिटे काठावर बसावे आणि पाण्यातला एखादा दगड उलटून त्याच्या खालचे किडे पाहावेत. त्यांचा आकार आणि रंग पाहूनच फ्लाय निवडावी. मोठ्या धोंड्यांच्या पुढे-मागे आणि वेगवान धारेच्या कडेला जिथे पाणी संथ होते तिथे मासा उभा असतो, तोंड प्रवाहाकडे करून. म्हणून आपण खालच्या अंगाने जावे. फ्लाय त्याच्या वरच्या बाजूला टाकावी आणि ती पाण्याच्या वेगाने, ओढ न लागता, वाहत यावी. मधल्या वेगवान धारेने लाइन ओढायला सुरुवात केली की रॉडच्या टोकाने ती उचलून वरच्या अंगाला टाकावी. लाइनचे टोक क्षणभर अडखळले तर तो दगड आहे की मासा याचा विचार करत बसू नये, रॉड उचलावा.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. उलटा काटा दाबलेला असल्याने गळ एका झटक्यात सुटतो. माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यातच हलके आधार देऊन धरावे आणि तो आपणहून निसटेपर्यंत हात सैल ठेवावा. वापरलेली फ्लाय लगेच डबीत टाकू नये. टोपीच्या काठाला टोचून वाळवावी, नाहीतर परतीच्या दोन दिवसांच्या प्रवासात एका ओल्या फ्लायपायी डबीतले सगळे गळ गंजतात.